नागपूरला पहिल्यांदा उतरताना

कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाची नागपूरला बदली झाली की घरचे एकच धीर देतात: "आपलंच राज्य आहे, मराठीच माणसं आहेत, काय घाबरायचं?" या वाक्यानंच माझा घात केला. चेन्नईला निघालो असतो तर चार तमिळ शब्द पाठ केले असते, तिथली हवा विचारली असती, काय खातात ते बघितलं असतं. नागपूरसाठी यातलं काहीच केलं नाही. महाराष्ट्र एक्स्प्रेसनं दुपारी कोल्हापूर सोडलं. मिरज, पुणे, मनमाड, भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा असं करत दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर उतरलो, तेव्हा अंगाला लोखंडाचा वास येत होता. एवढ्या प्रवासात राज्याची हद्द एकदाही ओलांडली नव्हती, तरी परमुलखात आल्यासारखं वाटत होतं.

त्याला बारा वर्षं झाली. आता ऑफिसात पश्चिम महाराष्ट्रातनं कुणी नवा आला की त्याला माझ्याकडं पाठवतात. त्याला जे सांगतो तेच इथं क्रमानं लिहितोय. मुख्य सूचना सुरुवातीलाच देतो: परदेशी निघालोय असं समजून तयारी करा. भाषा तीच आहे म्हणून आपण गाफील राहतो, आणि मग पहिल्या दिवशी प्रत्येक गोष्ट नको तितकी खुपते.

तिकीट काढण्याआधी

आधी महिना बघा. एप्रिल ते जूनचा पहिला पंधरवडा म्हणजे खरा उन्हाळा. मे २०१३ मध्ये इथं ४७.९ अंश नोंदले गेलेत. आपल्याकडं चाळीसला आपण "आज फारच तापलंय" म्हणतो. इथं मे महिन्यात पारा चाळिसापर्यंत खाली उतरला तर लोक गार पडलं म्हणून संध्याकाळी फिरायला निघतात. या दिवसांत येणार असाल तर मोठा सुती दुपट्टा बॅगेत वरच्या वर ठेवा. डोकं, कान आणि तोंड गुंडाळून नुसते डोळे उघडे ठेवायचे. बायाच नाही, बाप्येसुद्धा असेच फिरतात. पहिल्यांदा बघताना सगळं शहर दरोड्याला निघाल्यासारखं दिसतं. दुसऱ्या दिवशी तुम्हीही त्यातलेच होता.

थंडीचं मात्र कुणी सांगत नाही. मी डिसेंबरात एक हाफ स्वेटर घेऊन आलो होतो आणि पहिल्याच आठवड्यात रजई विकत घेतली. २०१८ च्या डिसेंबरअखेर इथं पारा ३.५ अंशांवर उतरला होता. शिवाय नागपूर बरंच पूर्वेला आहे, त्यामुळं सूर्य कोल्हापूरपेक्षा वीसेक मिनिटं आधी उगवतो आणि मावळतोही आधीच. डिसेंबरात साडेपाचला अंधार पडायला लागतो. नव्या गावात आधीच करमत नसताना हे असलं लवकर मावळणं जिवावर येतं. त्या दिवसांत पोहोचायची वेळ सकाळची मिळेल अशी गाडी बघा.

दोन काळांत राहायची सोय आधी पक्की केल्याशिवाय येऊ नका. एक, डिसेंबरातलं विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन. नागपूर हे मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या राजधानीचं शहर होतं. राजधानी गेली, पण १९५३ च्या नागपूर करारात सरकारनं दरवर्षी काही काळ इथं यायचं ठरलं, ते आजतागायत चालू आहे. त्या दिवसांत आमदार, अधिकारी, मोर्चे आणि बंदोबस्त यांत लॉजची खोली मिळणं मुश्कील. दुसरा काळ दसऱ्याचा. १४ ऑक्टोबर १९५६ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथं लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. तो दिवस विजयादशमीचा होता. तेव्हापासून दरवर्षी दसऱ्याला दीक्षाभूमीवर देशभरातून लोक येतात. स्टेशन, रस्ते, बस सगळं माणसांनी भरून वाहतं. गर्दीचं वावडं असेल तर हे दिवस टाळा. नसेल तर मुद्दाम या. पुस्तकांचे स्टॉल मैलभर पसरलेले आणि पोटाला चिमटा घेऊन आलेली माणसं हातभर पुस्तकं विकत घेतायत, असं दृश्य मी दुसऱ्या कुठल्या गर्दीत पाहिलेलं नाही.

आणि संत्री. नागपूरला गेलं की संत्री, असं गृहीत धरून येऊ नका. आंबिया बहाराची फळं दिवाळीच्या आगेमागे सुरू होतात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला. मे महिन्यात उतरून "संत्री कुठं मिळतात?" विचारणाऱ्या माणसाकडं इथले लोक दयेनं बघतात. त्याला फार तर संत्रा बर्फी मिळते.

वर्धा गेलं की

सेवाग्राम मागं पडलं की उठून तोंड धुवा आणि सामान आवरा. बुटीबोरी, खापरी, मग अजनी, मग नागपूर. अजनीला बरीच माणसं उतरतात. ती बघून आपणही बॅग खांद्याला लावून दारात जाऊन उभे राहतो. थांबा. मेडिकलकडं किंवा वर्धा रोडला राहायची सोय असेल तर अजनी बरं पडतं, नाहीतर मुख्य स्टेशन अजून तीनेक किलोमीटर पुढं आहे. काही गाड्या मात्र अजनीलाच संपतात, म्हणून तिकिटावरचं नाव नीट वाचा.

जाता जाता शब्दांचा पहिला धडा. नागपुरात 'मेडिकल' म्हणजे औषधाचं दुकान नव्हे, ते सरकारी मेडिकल कॉलेजचं भलंमोठं हॉस्पिटल. "मेडिकल कुठं आहे?" असं रिक्षावाल्याला विचारून मी डोकेदुखीच्या गोळीसाठी तिथं पोहोचता पोहोचता राहिलो.

कुठल्या बाजूनं बाहेर पडायचं

हा भाग नीट वाचा, कारण पहिलं मत इथंच बनतं.

नागपूर स्टेशनला दोन तोंडं आहेत. एक नंबर फलाटाकडं मुख्य इमारत, दगडी, १९२५ सालची. तिथनं बाहेर पडलं की पश्चिम नागपूर: सीताबर्डी, सिव्हिल लाइन्स, सदर, धरमपेठ. दुसरं तोंड पूर्वेला, संत्रा मार्केटच्या बाजूला. तिथनं बाहेर पडलं की सेंट्रल अव्हेन्यू, इतवारी, गांधीबाग, महाल. मध्ये रूळ, आणि रुळांच्या दोन बाजूंना दोन शहरं. पश्चिमेला रुंद रस्ते, जुनी मोठी झाडं, इंग्रजांच्या काळातले बंगले, हायकोर्ट, विधानभवन. पूर्वेला भोसल्यांच्या काळापासूनच्या पेठा, गल्लीला लागून गल्ली, कापडाचे गठ्ठे, हातगाड्या, माणसाला माणूस घासून जाणारं.

जो पश्चिमेनं बाहेर पडतो तो घरी फोन करून सांगतो, "काय मोकळं शहर आहे!" जो पूर्वेनं पडतो तो सांगतो, "पुण्याच्या मंडईत सोडल्यासारखं झालंय." दोघंही खरंच सांगत असतात, फक्त अर्धं.

माझा घोळ वेगळाच झाला. मला न्यायला कॉलेजातला नागपूरचा मित्र येणार होता. गाडीतनं उतरून मी मुख्य इमारतीबाहेर आलो आणि फोन केला. तो म्हणाला, "येऊन राहिलो ना बे, थांब." आमच्याकडच्या मराठीत याचा अर्थ तो येऊन थांबलाय. मग मी त्याला शोधायला लागलो. बॅग ओढत बाहेरच्या सगळ्या रिक्षा, टपऱ्या, खांब धुंडाळले. पंधरा मिनिटांनी पुन्हा फोन. "अरे कुठं आहेस?" "येऊन राहिलो म्हटलं ना!" मला वाटलं चेष्टा चाललीय, म्हणून जरा आवाज चढवला. खरा प्रकार असा, की 'येऊन राहिलो' म्हणजे 'येतोय'. तो घरनं आत्ता कुठं निघाला होता. शेवटी पोहोचला तो संत्रा मार्केटच्या दारात, मी एक नंबरच्या बाहेर. तो रामझुला नावाच्या पुलावरनं वळसा घालून येईपर्यंत मी स्टेशनबाहेर बसून नागपूरविषयी जे काही ठरवलं होतं ते इथं छापण्यासारखं नाही.

म्हणून न्यायला येणाऱ्याशी आधी दाराचं नाव ठरवा. 'बाहेर' म्हणू नका. 'एक नंबरकडे' किंवा 'संत्रा मार्केटकडे' म्हणा. चुकलात तर बाहेरून फिरू नका, स्टेशनातल्या पादचारी पुलावरनं फलाट ओलांडून पलीकडं जा. स्टेशनच्या पुनर्विकासाचं काम काढलेलं असल्यामुळं दारं-वाटा सरकतात. पाट्या बघत चला.

एकटे असाल आणि वेळ दिवसाची असेल तर पूर्वेच्या बाजूनं मेट्रो धरा. ही अॅक्वा लाइन. दोन स्टेशनांवर सीताबर्डी, तिथं ऑरेंज लाइन बदलता येते. ती दक्षिणेला विमानतळ आणि खापरीकडं जाते, उत्तरेला कामठी रोडनं ऑटोमोटिव्ह चौकाकडं. पहाटे आणि रात्री उशिरा मेट्रो नसते, तेव्हा अॅपवरनं गाडी बोलवा किंवा रिक्षा. रिक्षात बसण्याआधी भाडं ठरवा. 'बर्डी, बर्डी' अशी हाळी ऐकू आली तर गोंधळू नका, सीताबर्डीला सगळे बर्डीच म्हणतात.

पहिली रात्र: कूलर आणि वरण-भात

उन्हाळ्यात खोलीवर गेल्या गेल्या आपण काय करतो? बाहेर भट्टी आहे म्हणून दारं-खिडक्या लावून घेतो आणि कूलर फुल करतो. तासाभरात अंगाला चादर चिकटते, भिंतीला ओल येते, आणि आपण म्हणतो कूलर बिघडलाय. बिघडलेलं काही नसतं. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांतून आत ओढतो. ती हवा दुसरीकडनं बाहेर जायला वाट पाहिजे. कूलर खिडकीत, बाहेरच्या हवेवर, आणि समोरचं दार किंवा दुसरी खिडकी वीतभर उघडी. आधी नुसता पंप लावून ताट्या पाच मिनिटं भिजू द्या, मग पंखा लावा. टाकीत रात्री झोपताना पाणी भरा, नाहीतर पहाटे तीनला गरम वाऱ्यानं जाग येते. वाळ्याच्या ताट्या असतील तर सगळ्या खोलीला पहिल्या पावसाचा वास येतो. पहिल्या उन्हाळ्यात मला नागपूर आवडलं असेल तर तेवढ्यापुरतंच. पाऊस सुरू झाला की हेच यंत्र निरुपयोगी होतं, तेव्हा घरमालकानं "कूलर आहे" म्हटलं की वर्षाचे चार महिनेच धरायचे.

जेवणाचं सांगतो. चोवीस तास गाडीतलं खाल्लेलं असतं, पोट आधीच रुसलेलं. पहिल्या रात्री वरण-भात, दही, जमलं तर पन्हं. सावजी नको. आपण तांबड्या रश्श्यावर वाढलेली माणसं, आपल्याला काय होतंय, ही घमेंड मीही घेऊन आलो होतो. तांबडा रस्सा तोंडाला लागतो. सावजीचा काळपट मसाला पहिले दोन घास गुपचूप जातो, आणि मग कानामागनं घाम सुटतो. सुके मसाले खरपूस भाजून केलेलं हे कोष्टी लोकांचं जेवण, आणि चांगलं असेल तर फार चांगलं असतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी जा. 'तर्री कमी' असं आधीच सांगा, त्यात कमीपणा नाही.

दुसरी सकाळ

सकाळी आठच्या आत बाहेर पडा. कस्तुरचंद पार्कच्या बाजूला किंवा तुमच्या चौकातल्या कुठल्याही ठेल्यावर तर्री पोहे खा. साधे, मऊ पोहे, वर हरभऱ्याची उसळ आणि लाल तर्री, वर कांदा. मिसळीच्या कटाची सवय असेल तर इथं पहिल्यांदा घरच्यासारखं वाटेल. तर्री वेगळ्या वाटीत मागितली तर ठेलेवाला हसतो, पण देतो.

मग मेट्रोत बसा आणि प्रजापतीनगरपासून लोकमान्यनगरपर्यंत अॅक्वा लाइन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जा. हे मी प्रत्येकाला करायला लावतो. आधी सेंट्रल अव्हेन्यूवरची दुकानं, गच्च्यांवर वाळत घातलेले पापड-कुरडया, इतवारीच्या बाजूची दाटी. मग स्टेशन, कॉटन मार्केट, आणि सीताबर्डी येतायेता रूळ ओलांडायचे. एका पुलाच्या अंतरात झाडं सुरू होतात. आदल्या दिवशी जी बाजू बघितली नसेल ती अशी बसल्या जागी दिसते.

सीताबर्डीला उतरलात तर झिरो माईल जवळच आहे. खांब आणि चार घोडे. 'भारताचा मध्यबिंदू' म्हणून फोटो काढतात. खरं तर तो इंग्रजांच्या काळातल्या मोजणीचा दगड, आणि देशाचा मध्य नेमका तोच का यावर वाद आहे. नागपूरकराशी हा वाद घालू नका. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, वर्षातून मोजक्याच दिवशी उघडतो. तेव्हा १८१७ ची भोसले-इंग्रज लढाई इथंच झाली एवढं लक्षात ठेवून खालनंच बघा.

बोलणं

दुकानदार तुमच्याशी हिंदीत सुरू करेल. राग मानू नका. मध्य प्रांत दोन भाषांचा होता, शिवनी-छिंदवाडा इथनं हाकेच्या अंतरावर. तुम्ही मराठीत उत्तर दिलंत की तोही मराठीत येतो, बऱ्याचदा तुमच्यापेक्षा आधी. 'बे' ऐकून हात उगारू नका. आपल्याकडं 'लेका' म्हणतात तसं आहे ते, बरोबरीच्या माणसाला. वडीलधाऱ्यांना 'जी': "हो जी", "काय जी". 'काहून' म्हणजे का, 'पोट्टे' म्हणजे पोरं, 'हाव' म्हणजे हो, 'भैताड' म्हणजे कुणी तुम्हाला म्हटलं तर कळेलच.

भाजी घेताना सांभाळून. पहिल्या आठवड्यात भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, "सांभार टाकू का जी?" मी म्हटलं, "नको, इडली कुठं आहे?" त्या बघतच राहिल्या. मग जुडी हातात घेऊन नाकापुढं धरली. कोथिंबीर. इथं कोथिंबिरीला सांभार म्हणतात. थंडीत ती स्वस्त झाली की तिची सांभारवडी करतात. ती जिथं मिळेल तिथं खा, चौकशी न करता.

पानठेल्यावर पन्नीत घोटलेला खर्रा पुढं करतील. कच्च्या सुपारीचा आणि तंबाखूचा हा मसाला इथं दोस्तीची पहिली पायरी समजतात. "खात नाही जी" म्हटलं की कुणी आग्रह करत नाही. भिंतीच्या कोपऱ्यातले लाल डाग मात्र त्याचेच. ते मला बारा वर्षांनीही आवडत नाहीत, आणि आवडून घ्यायची मला गरज वाटत नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ढोल आणि "घेऊन जा गे मारबत" असा आरडाओरडा ऐकू आला तर दार लावू नका. काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे बाईच्या रूपातले मोठाले पुतळे, मिरवणुकीनं निघतात, सोबत बडगे नावाचे पुतळे, त्यांवर त्या वर्षी लोकांना छळणाऱ्या सगळ्या गोष्टी लिहिलेल्या. इतवारी-महालाकडं जाऊन उभे राहा, गाडी घरीच ठेवून.

घरच्यांना बोलावताना

दोन-तीन महिने जाऊ द्या, लगेच नको. तुम्हालाच रस्ते माहीत नसताना त्यांना काय दाखवणार? बोलवाल तेव्हा नोव्हेंबर ते फेब्रुवारी. डबा नंबर विचारून घ्या, दार सांगा, आणि फोनवर 'येऊन राहिलो' म्हणू नका. एव्हाना तोंडात बसलेलं असतं.

माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा मी सगळं शिस्तीत केलं. एक नंबरनं बाहेर, पहिल्या रात्री वरण-भात, दुसऱ्या दिवशी मेट्रो. तिला सिव्हिल लाइन्सपेक्षा इतवारीच आवडली, पातेली बघत तीन तास फिरली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "त्ये सावजी सावजी म्हंतोस त्ये कुठाय?" नेलं. दोन घास खाल्ले, काही बोलली नाही. तिसऱ्या घासाला पदरानं कपाळ पुसलं, पाण्याचा तांब्या जवळ ओढला आणि वाढप्याला विचारलं, "भाकरी हाय काय रं हितं?"